चिनी अक्षरांत शुभेच्छा लिहायच्या आहेत? आधी एक 'फू' नीट जमवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापासून आम्ही शांघायला राहतो. बाजारहाट करण्याइतपत चिनी बोलता येतं, लिहिता मुळीच येत नाही. समोरच्या घरातले वांग आजी-आजोबा माझ्या मुलीला नातीसारखं सांभाळतात. या वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, त्यांना हाताने लिहिलेल्या शुभेच्छा द्यायच्या आहेत. सहा आठवडे हातात आहेत. मोबाइलवर बघून चित्रासारखी अक्षरं काढली तर चालेल का? काय लिहू, कशाने लिहू?"

चित्रासारखी काढू नका, हे आधी सांगते. रीतसर लिपी शिकायला सहा आठवडे पुरणार नाहीत आणि तुमच्या कामासाठी त्याची गरजही नाही. पण या वेळात पंधरा-सोळा अक्षरं चांगली बसतात, इतकी की कागद हातात घेतल्यावर वांग आजींना वाटावं, ही पोरगी काढत नाहीये, लिहिते आहे. मी पुण्यात अठरा वर्षं चिनी शिकवते, त्याआधी दोन वर्षं बीजिंगला शिकत होते आणि कुंचल्याने लिहायची गोडी तिथेच लागली. दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत कोणी ना कोणी हाच प्रश्न घेऊन येतं. त्या प्रत्येकाला मी एकाच अक्षरापासून सुरुवात करायला लावते: फू, म्हणजे सुख-सौभाग्य, जे नववर्षाला लाल कागदावर लिहून दारावर लावतात.

चित्र का नको, ते आपल्या लिपीवरून पटकन समजेल. कोणी आधी शिरोरेघ आखली, मग तिच्यातून 'श्री'ची वळणं खालून वर ओढली, तर अक्षर वाचता येईल, पण ते लिहिलेलं नाही हे आपल्याला लांबूनही कळतं. चिनी वाचणाऱ्याची नजर याहून बारीक असते, कारण शाळेत प्रत्येक अक्षराच्या रेघांचा क्रम त्याच्याकडून घोटून घेतलेला असतो. त्यातून कुंचल्याची रेघ तर काहीच लपवत नाही. कुठे टेकला, कुठे दाबला, कुठून उचलला, सगळं शाईत उरतं. उभी रेघ तुम्ही खालून वर नेली असेल तर जाड टोक चुकीच्या बाजूला दिसतं. म्हणून क्रम हे शिष्टाचाराचं जोखड समजू नका. अक्षराचा तोल त्या क्रमातूनच येतो.

या उत्तरात मी अक्षरं दाखवत नाही, रेघा शब्दांत सांगते आहे, आणि तेही मुद्दाम. वाचता वाचता कागदावर लिहा, पूर्ण झालं की मग कोशात बघून ताडून पाहा. डोळ्याआधी हाताला अक्षर कळलं पाहिजे.

तळहाताएवढा चौकोन आखा. मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ काढून त्याचे चार भाग करा. सरावाच्या वह्यांमध्ये हेच घर असतं. त्याचं नाव 'थ्येन'च्या घरावरून पडलंय, कारण शेत या अर्थाचं 'थ्येन' हे अक्षर अगदी असंच दिसतं: बांधांनी चार तुकडे केलेली जमीन. त्यात दोन तिरक्या रेघा घातल्या की 'मी', म्हणजे तांदूळ, या अक्षरासारखं घर तयार होतं. तुम्ही हे दुसरं वापरा, तिरक्या रेघा कुठे उतरवायच्या ते त्यात लवकर कळतं.

आता फू. एकूण १३ रेघा. डावीकडचा तिसरा हिस्सा अरुंद ठेवायचा आणि त्यात चार रेघा बसवायच्या. आधी वर एक ठिपका. मग त्याखाली छोटी आडवी रेघ, जी हात न उचलता वळून डावीकडे खाली उतरते. मग त्या वळणापासून सरळ खाली उभी रेघ. शेवटी उभ्या रेघेच्या उजव्या कुशीत एक छोटा ठिपका. झाला डावा भाग. याचा संबंध देवाशी, वेदीशी, पूजेशी. उजवीकडच्या मोठ्या जागेत वर एक आडवी रेघ. तिच्याखाली तोंड या अर्थाचा छोटा चौकोन, तीन रेघांत: डावी उभी, मग वरची आडवी जी वळून उजवी बाजू होते, मग खालची. त्याच्याखाली शेत, पाच रेघांत: डावी उभी, वरून वळणारी, आतली आडवी, आतली उभी, आणि सर्वांत शेवटी खालची दार लावणारी. शेत तोंडापेक्षा रुंद हवं, नाहीतर अक्षर डोक्याने जड होऊन कलंडल्यासारखं वाटतं.

लोक याचा अर्थ असा लावतात: देवाची कृपा, एक खाणारं तोंड आणि त्याला पुरेल एवढं शेत. आठवणीत ठेवायला हे फार छान आहे. जुन्या, हाडांवर कोरलेल्या रूपांत मात्र उजवीकडे मद्याचा रांजण दिसतो, वेदीपुढे अर्पण केलेला. मला दोन्ही आवडतात. मुलांना मी पहिला अर्थ सांगते.

डाव्या भागातला तो छोटा ठिपका सांभाळा. तिथे एकच रेघ जास्त पडली तर तो भाग देवाचा राहत नाही, कपड्यांचा होतो. चार रेघा म्हणजे वेदी, पाच म्हणजे वस्त्र, आणि वस्त्राच्या बाजूने लिहिलं तर ते सुखाचं फू राहतच नाही. बीजिंगच्या पहिल्या वर्षी मी घरमालकीण आजींसाठी लाल कागदावर फू लिहून नेलं होतं, त्यात हीच चूक होती. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, खूप कौतुक केलं, आणि मग चहात बोट बुडवून टेबलावर तो डावा भाग हळूहळू दोनदा लिहून दाखवला. माझी चूक त्यांनी उच्चारलीसुद्धा नाही. कागद त्यांनी स्वयंपाकघरात लावला, दारावर नाही. दुसऱ्या वर्षी बरोबर लिहिलेलं नेलं, ते दारावर लागलं. तेव्हापासून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी या एका ठिपक्यावर पंधरा मिनिटं जातात. हा डावा भाग एकदा बसला की 'शुभेच्छा देणे' या अर्थाचं 'चू'सुद्धा निम्मं आलंच, कारण त्याची डावी बाजू हीच.

क्रमाचे नियम फार नाहीत आणि फू लिहिताना तुम्ही त्यातले बहुतेक वापरलेत: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि तिला छेदणारी उभी नंतर, चौकट आधी, आतलं नंतर, आणि दार सगळ्यात शेवटी. एक राहिला: डावीकडे उतरणारी रेघ आधी, उजवीकडे उतरणारी नंतर. रेघांची नावं मात्र पाठ करा, कारण तिथल्या कोणाकडूनही शिकताना हीच कानावर येतील. आडवी हंग, उभी शू, डावीकडे उतरणारी फ्ये, उजवीकडे उतरणारी ना, ठिपका त्येन, खालून वर उडणारी थी, शेवटी आकडा असेल तर तो कौ. जुन्या पद्धतीत यासाठी 'युंग', म्हणजे चिरंतन, हे एकच अक्षर गिरवून घेतात. आजच्या मोजणीत त्याच्या पाचच रेघा होतात, पण हाताच्या आठ मूळ हालचाली त्यात येतात. रोज सरावाला बसताना पहिली पाच मिनिटं युंग लिहा. गायक आधी सूर लावतो तसं.

आता काय लिहायचं. दोन गोष्टी करा: लाल चौकोनी कागदावर कुंचल्याने एक मोठं फू, आणि सोबत साध्या पेनाने लिहिलेलं छोटं पत्र. पत्राचा मजकूर हा ठेवा. पहिल्या ओळीत संबोधन: 'वांग यये, वांग नायनाय', म्हणजे वांग आजोबा, वांग आजी. पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. दुसऱ्या ओळीत, दोन अक्षरांची जागा सोडून: 'चू नीन अर लाव फिंग आन च्येन खांग, शिन न्येन ख्वाइ ल'. तुम्हा दोघा वडीलधाऱ्यांना सुखरूपपणा आणि आरोग्य लाभो, नवं वर्ष आनंदाचं जावो. 'नीन' म्हणजे आदरार्थी तुम्ही. 'तू'च्या अक्षराखाली हृदय लिहिलं की 'नीन' होतं. यापेक्षा सुंदर आदरार्थी रूप मला कुठल्या लिपीत दिसलेलं नाही. पण 'नीन' एका व्यक्तीसाठी असतं, म्हणून दोघांना उद्देशून 'नीन अर लाव', तुम्ही दोघं ज्येष्ठ, असं म्हणतात. हे तीन शब्द वाचून आजी विरघळतील, माझं ऐका.

'कुंग शी फा त्साय', भरपूर धन मिळो, हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून सगळे तेच लिहितात. दुकानदाराला, धंद्यातल्या माणसाला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला ते छान आहे. पंचाहत्तरीच्या शेजाऱ्यांना आरोग्याचं सांगणं जास्त शोभतं. ज्याला काय लिहावं सुचत नाही त्याला 'वान श रू यी', सगळं मनासारखं होवो, कुठेही चालतं. 'न्येन न्येन यौ यू' म्हणजे वर्षानुवर्षं शिल्लक राहो. शिल्लक आणि मासा यांचा उच्चार एकच, म्हणून या शुभेच्छेसोबत माशाचं चित्र असतं आणि नववर्षाच्या आदल्या रात्री ताटात मासा असतो. राशीच्या प्राण्यावरूनही शब्द जुळवतात. १७ फेब्रुवारी २०२६ ला घोड्याचं वर्ष सुरू होतं, त्यासाठी 'मा ताव छंग कुंग', घोडा पोचला की यश आलंच. ६ फेब्रुवारी २०२७ पासून मेंढी-बकरीचं, त्यासाठी 'सान यांग खाय थाय'. इथे यांग म्हणजे उजळती ऊर्जा आणि यांग म्हणजे मेंढी, दोन्ही.

एक अक्षर मात्र टाळा. एकाला एक चिकटलेली दोन 'शी', जोडआनंदाचं चिन्ह, कपांवर-पंख्यांवर सगळीकडे दिसतं आणि दिसायला फार गोड आहे. ते लग्नाचं आहे. आजी-आजोबांच्या दारावर ते नववर्षाला लावणं म्हणजे पाडव्याच्या गुढीला मुंडावळ्या बांधण्यासारखं होईल.

शांघायला आहात तेव्हा पत्र सोप्या रूपातल्या अक्षरांत लिहा. चीनमध्ये १९५६ मध्ये अक्षरं सोपी करण्याची योजना आली आणि शाळेत तीच शिकवतात, सिंगापूर-मलेशियातही तीच. तैवान, हाँगकाँग, मकाव इथे जुनी, पूर्ण रूपं. 'ख्वाइ ल'मधलं 'ल' सोप्या रूपात ५ रेघांचं आहे, जुन्या रूपात १५. फरक केवढा, बघा. कुंचल्याने लिहिणारे लोक शांघायमध्येही बरेचदा जुनी रूपं लिहितात, ती दिसायला भरदार असतात. तुम्ही दोन्हींची सरमिसळ एका ओळीत करू नका, एवढंच. फू दोन्हीकडे सारखंच आहे, हीसुद्धा त्याच्यापासून सुरुवात करण्याची एक सोय.

या सोप्या करण्यातून एक सापळा तयार झाला आहे. काही ठिकाणी दोन जुनी अक्षरं एका सोप्या अक्षरात विलीन झाली. 'फा त्साय'मधलं 'फा', वाढणं-बहरणं, आणि डोक्यावरचे केस म्हणून 'फा', ही जुन्या रूपांत दोन वेगळी अक्षरं होती. सोप्या रूपात एकच आहे. मोबाइलवर सोप्याचं जुन्यात रूपांतर करणाऱ्या साधनाने चुकीचं 'फा' निवडलं की शुभेच्छेत धनाऐवजी केस उगवतात. छापील फलकांवरही ही चूक होते. हाँगकाँगच्या कोणाला लिहायचं असेल तर यंत्रावर विसंबू नका, वाचणाऱ्या माणसाला दाखवा.

तुमच्या मजकुरातली अक्षरं लिहिताना हात कुठे घसरेल ते सांगते. 'शिन', नवीन, १३ रेघांचं. डाव्या भागाच्या तळाशी झाड आहे, पण त्या झाडाची उजवी फांदी लांब ओढायची नाही, तिचा ठिपका करायचा, म्हणजे उजव्या भागाला जागा मिळते. चिनी अक्षरांत डावा भाग नेहमीच शेजाऱ्याला जागा देतो, ही सवय हाताला लावा. 'न्येन', वर्ष, ६ रेघा: डावीकडे छोटी तिरपी, आडवी, आडवी, छोटी उभी, मग सर्वांत लांब आडवी, आणि शेवटी वरून खालपर्यंत जाणारी उभी. ही शेवटची उभी रेघ सरळ आली तर अख्खं अक्षर उभं राहतं. ती ओढताना श्वास सोडा, थांबू नका. 'ख्वाइ'च्या डाव्या बाजूला हृदय आहे, उभं केलेलं. तिथे दोन्ही ठिपके आधी आणि उभी रेघ नंतर. जवळजवळ सगळे नवशिके उलटं करतात. 'ल', आनंद, आणि 'तुंग', पूर्व, ही दोन्ही अक्षरं पाच रेघांची आणि सख्ख्या बहिणींसारखी. ओळख पहिल्या रेघेत: 'ल'ची पहिली रेघ डावीकडे उतरते, 'तुंग'ची आडवी असते. 'फिंग' हे सगळ्यात सोपं, म्हणूनच त्यात कोणी लक्ष घालत नाही. त्याच्या दोन आडव्या रेघांपैकी खालची लांब हवी. 'आन', शांतता, म्हणजे छपराखाली बसलेली बाई. छप्पर आधी, मग बाई, आणि तिची आडवी रेघ सगळ्यात शेवटी, छपराच्या दोन्ही टोकांशी तोलून.

पुढे कधी 'शिंग फू', सुख, लिहावंसं वाटलं तर 'शिंग' लिहिताना रेघा मोजा. ते ८ रेघांचं आहे. एक रेघ राहिली तर 'शिन' होतं, ज्याचा अर्थ कडू, कष्टाचं. आणि 'ची', मंगल, किंवा 'शी', आनंद, लिहिताना डोक्यावरच्या दोन आडव्या रेघांत वरची लांब, खालची आखूड. उलट झालं की ती माती होते. वाचणारा समजून घेतोच. पण शुभेच्छेच्या कागदावर सुखाचं कडू आणि मंगलाची माती कशाला करायची.

साधनं. पहिले दोन आठवडे कुंचल्याला हात लावू नका. जाड टोकाचं पेन आणि घरांची वही, रोज वीस मिनिटं. रोज दोनच अक्षरं, प्रत्येक अक्षर पंधरा-वीसदा, आणि सगळी लिहून झाल्यावर त्यातलं सर्वांत चांगलं एक निवडून त्याला गोल करायचा. हा गोल सर्वांत जास्त शिकवतो, कारण निवडताना तुम्ही आपल्याच अक्षराकडे परक्यासारखं बघता.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याने लिहायचं कापड आणा. कुंचला साध्या पाण्यात बुडवून लिहिलं की काळं अक्षर उमटतं आणि दोन-चार मिनिटांत वाळून नाहीसं होतं. शांघायच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. आपल्या पाटीसारखंच, पुसायचेही कष्ट नाहीत. सकाळी उद्यानात गेलात तर आजोबा मंडळी लांब दांड्याच्या, स्पंज लावलेल्या कुंचल्याने फरशीवर पाण्याने लिहिताना दिसतील. थांबा, बघा, विचारा. परक्या बाईला अक्षर शिकवायला त्यांच्याइतकं उत्सुक कोणी नसतं.

कुंचला मिश्र केसांचा, मध्यम आकाराचा घ्या. नुसत्या बकरीच्या केसांचा फार मऊ, नवशिक्याच्या हातात तो लोळतो. मुंगसासारख्या दिसणाऱ्या पिवळसर विझलच्या केसांचा ताठ, त्याला लवचीकपणा असतो पण पाणी कमी धरतो. मिश्र दोन्हींच्या मधला. नवा कुंचला गोंदाने कडक केलेला असतो. कोमट पाण्यात ठेवून पूर्ण मोकळा होऊ द्या, बोटांनी चुरडू नका. काम झालं की पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि टोक खाली करून टांगा, उभा ठेवलात तर पाणी दांड्यात उतरून मुळं सुटतात. शाई बाटलीतली चालेल. बीजिंगच्या 'यीतक' या १८६५ पासूनच्या दुकानाची शाई सगळीकडे मिळते. शाईची वडी दगडावर उगाळणं आनंदाचं काम आहे, पण ते पुढच्या वर्षी. सरावाला बांबूचा पिवळट 'मावप्येन' कागद घ्या. आन्ह्वेइ प्रांतातला प्रसिद्ध 'श्वेन' कागद आत्ता नको, त्याचा कच्चा प्रकार शाई इतक्या भराभर पितो की हात जरा थबकला तरी डाग पसरतो.

कुंचला उभा धरायचा, पेनासारखा कलता नाही. टोक रेघेच्या मधून चाललं पाहिजे. आडवी रेघ सुरू करताना टोक आधी किंचित उलट, डावीकडे नेऊन टेकवायचं, मग उजवीकडे निघायचं, आणि शेवटी क्षणभर दाबून टोक परत रेघेच्या पोटात घ्यायचं. असं केलं की रेघेची दोन्ही टोकं गोळीबंद येतात. नमुना म्हणून थांग काळातला सुलेखनकार यान चन्छिंग (७०९–७८५) याचं वळण घ्या. रुंद, ठाम, भरलेलं. दारावरच्या फूला ते अतिशय शोभतं, आणि थोडा हात जड पडला तरी सांभाळून घेतं. दुसरा नावाजलेला सुलेखनकार औयांग शुन याचं वळण सुंदर आहे, पण त्याची काटेकोर बारीक रेघ पहिल्याच वर्षी पेलणार नाही. भराभर लिहिलेल्या, धावत्या वळणाच्या नादी तर अजिबात लागू नका. जे सावकाश लिहिता येत नाही ते पळवून सुंदर होत नाही.

लाल कागद वेगळा वागतो. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, शाई वर तरंगते आणि वाळायला वेळ लागतो. लिहायच्या आधी कोरड्या मऊ कापडाने पुसा, शाईत पाणी घालू नका, आणि लिहिलेला कागद रात्रभर आडवाच राहू द्या. चौकोनी कागद कोन वर करून, शंकरपाळ्यासारखा ठेवून त्यावर फू लिहितात. हलकी घडी घालून मध्य शोधा आणि अक्षर मध्यापेक्षा केसभर वर बसवा, मध्यावर लिहिलेलं डोळ्यांना खाली घसरलेलं वाटतं. किमान दहा कागद आणा. माझं चांगलं अक्षर अजूनही सहसा तिसऱ्या-चौथ्या कागदावर येतं.

लाल कागदावर शाई काळी किंवा सोनेरी. पत्र लिहितानाही लाल पेन नको. माणसाचं नाव लाल शाईने लिहिणं अशुभ मानतात. पांढरं पाकीट नको, ते मयताच्या अहेराचं. आणि नाजूक गोष्ट: त्यांच्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी त्या वर्षी दारावर लाल कागद लावत नाहीत. तसं असेल तर फू राहू द्या, साध्या कागदावरचं आरोग्याचं पत्र द्या.

पत्राच्या शेवटी, उजवीकडे खाली तुमचं नाव आणि त्याखाली तारीख. नाव देवनागरीत लिहा, असं मी सुचवेन, हवं तर शेजारी चिनी रूप. चिनी नाव घ्यायचंच असेल तर नुसत्या उच्चाराला जुळणारी अक्षरं यंत्राकडून घेऊ नका, अर्थ बघा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. तिथे ते 'ख तीह्वा' म्हणून ओळखले जातात. शेवटचं 'ह्वा' म्हणजे चीन. मुलाचं नाव ठेवलं 'इन्ह्वा': 'इन' भारतातला, 'ह्वा' चीनचा. दोन अक्षरांत केवढं मांडलंय. तुमच्या मुलीसाठी 'इन' हे एकच अक्षर शिकवून ठेवा, ५ रेघांचं आहे. त्याचा दुसरा अर्थ शिक्का, आणि कुंचल्याने लिहिलेल्या कागदावर नावाचा लाल शिक्का उमटवतातच. तिने लाल रंगात बोटाचा ठसा उमटवला तर आजींना त्याहून मोठी सही नको.

दारावरच्या जोडओळींचा, छुन-ल्येनचा, मोह होईल. यंदा लिहू नका, पण वाचायला शिका. 'थ्येन चंग स्वेयुए रन चंग शौ, छुन मान छ्येनखुन फू मान मन' ही ओळ तुमच्या गल्लीत नक्की सापडेल. आकाश महिने-वर्षं वाढवतं, माणसाचं आयुष्य वाढतं. वसंत विश्वभर, फू दारभर. पहिली ओळ उच्चाराच्या बुडत्या किंवा उतरत्या सुरावर संपते, दुसरी वर चढणाऱ्या किंवा सपाट सुरावर. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की पहिली उजव्या हाताला. शब्दाला शब्द, नामाला नाम असं बांधलेलं हे काम आहे. त्यातलं फू आता तुम्हाला दुरूनही ओळखू येईल.

फू उलटं लावायचं का, हे मला दर वर्षी विचारतात. उलटं होणं म्हणजे 'ताव' आणि येऊन पोचणं म्हणजेही 'ताव', म्हणून उलटं फू बघून कोणी म्हटलं 'फू ताव ल', तर सुख आलंच. गोड कल्पना आहे, पण मुख्य दारावर फू सरळ असावं, उलटं घरात, कपाटावर, धान्याच्या डब्यावर, असं जुन्या वळणाची माणसं मानतात, आणि मलाही तेच पटतं. तुम्ही सरळ द्या. कुठे, कसं लावायचं ते आजी ठरवतील.

नववर्षाच्या आदल्या दिवशी सकाळीच नेऊन द्या, कारण दारावरचे कागद त्याच दिवशी लागतात. दुपारनंतर सगळे स्वयंपाकात असतात. दोन्ही हातांनी द्या. आणि सोबत कणकेची पातळ, गुठळी नसलेली खळ वाटीत करून न्या. चिकटपट्टीने दाराचा रंग निघतो, म्हणून जुन्या घरांतून अजूनही खळच वापरतात, आपण पतंगाला वापरायचो तशीच. एक कोरडा फडकाही न्या. कागद लावल्यावर मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवला की बुडबुडे राहत नाहीत.